मुलीला आलिमा करायचंय, पण शाळेचं काय?

बाजी, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. मुलगी अकरा वर्षांची, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत सहावीत. हुशार आहे, पण गणिताला घाबरते. सासऱ्यांची इच्छा आहे की तिनं निवासी मदरशात राहून आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली बाई, व्हावं, कोर्स सहा वर्षांचा आहे. नवऱ्याला अब्बांचं मन मोडवत नाही. मुलगी 'जाते' म्हणतेय. तुम्हाला भीती ही की शाळा एकदा सुटली की सुटली. आणि दुसरी भीती, जी तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिलीत: नाही म्हटलं तर 'ही दीनच्या (धर्माच्या) आड आली' असं घरात कायमचं ऐकावं लागेल.

मी दोन्हीकडची आहे. लहानपणी मकतब, म्हणजे कुराण शिकवणारा वर्ग, मग मुलींच्या मदरशात आलिमियत, म्हणजे आलिमाचा कोर्स, नंतर बाहेरून दहावी, पुढे पदवी आणि बी.एड. आता उर्दू हायस्कूलमध्ये गणित शिकवते, आणि मदरशातल्या मुलींना मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसवायचं काम बरीच वर्षं करतेय. मदरसा म्हणजे नुसता अंधार असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही, आणि मुलीला एकदा आत सोडलं की पुढचं सगळं आपोआप होतं असं मानणाऱ्यांशीही नाही.

'मदरसा की शाळा' हा तुमचा खरा प्रश्न नाही असं मला वाटतं. दीनचं शिक्षण आणि शाळा एकत्र चालतात, आपली बहुतेक मुलं तशीच शिकतात. सकाळी किंवा असरनंतर, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजनंतर, मकतब आणि मधल्या वेळात शाळा. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी जेमतेम ३ ते ४ टक्के निघाली होती. खरा प्रश्न असा, की सतराव्या वर्षी ती सनद, म्हणजे मदरशाचं प्रमाणपत्र, घेऊन घरी येईल तेव्हा तिच्याकडे दहावीची गुणपत्रिका असेल का, आणि जायचं की नाही हे तिला कुणी नीट विचारलं होतं का. या दोन गोष्टी जमत असतील तर मदरशाला घाबरू नका. जमत नसतील तर मदरसा कितीही नावाजलेला असो, आत्ता पाठवू नका.

आधी सनदेबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच आहे. उत्तर प्रदेशातले पाहुणे आले की सांगतात, आमच्याकडे मदरशाची परीक्षा सरकार मानतं. त्यांच्याकडचं खरं आहे. तिथं २००४ च्या कायद्यानं मदरसा बोर्ड आहे, मुन्शी-मौलवी म्हणजे दहावी आणि आलिम म्हणजे बारावी असं धरतात. अलाहाबाद उच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये तो कायदा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानं ५ नोव्हेंबर २०२४ ला तो कायम ठेवला, फक्त कामिल आणि फाजिल या पदवीच्या दर्जाच्या परीक्षा वगळल्या. पण महाराष्ट्रात असं बोर्डच नाही. इथल्या मदरशाची आलिमियतची सनद घेऊन अकरावीच्या प्रवेशाला गेलात तर कारकून ती उलटसुलट करून बघेल आणि म्हणेल, दहावीची मार्कशीट कुठाय?

काही विद्यापीठं सनद मानतात, हेही सांगितलं पाहिजे. अलीगढला मदरशातून आलेल्यांसाठी २०१३ पासून ब्रिज कोर्स आहे, मुलींनाही. हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ आणि दिल्लीचं जामिया मिल्लिया काही ठरावीक मदरशांच्या सनदेवर प्रवेश देतात. पण त्यांची यादी असते. तुमच्या तालुक्यातला मदरसा तिच्यात असेलच असं नाही. आणि समजा असला, तरी सतरा वर्षांच्या मुलीला अलीगढला किंवा हैदराबादला पाठवायला तुमचं घर तयार होईल का? माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुलींची सनद तिथं चालली असती, घरच्यांची परवानगी चालली नाही. त्यातून पुढं नोकरीच्या बहुतेक अर्जांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचं प्रमाणपत्रच मागतात. म्हणून दहावी, आणि ती इथलीच.

आता वयाकडे या. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. शाळा मधेच सुटलेलं मूल चौदाच्या आत परत आलं तर त्याला वयाला साजेशा वर्गात घ्यावं लागतं, मागं पडलेल्या अभ्यासासाठी वेगळं प्रशिक्षण द्यावं लागतं, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. चौदानंतर नव्यानं दार ठोठावलं तर हा हक्क हातात नसतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनं मदरसे आणि वैदिक पाठशाळा या कायद्यातून बाहेर ठेवल्या आहेत, म्हणजे मदरशात गणित शिकवलं नाही म्हणून या कायद्याखाली तुम्ही कुणाला जाब विचारू शकत नाही. उलट महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये जाहीर केलं होतं की शाळेचे विषय न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं शाळाबाह्य धरली जातील. तेव्हा गदारोळ खूप झाला, पण आईबापांनी त्यातून एवढं तरी घ्यावं की सरकारी दप्तरी ही मुलं शाळेत नाहीतच.

तुमची मुलगी अकराव्या-बाराव्या वर्षी आत जाणार आणि सतरा-अठराव्या वर्षी बाहेर येणार. चौदावं वर्ष बरोबर कोर्सच्या मधे येतं. ते वर्ष कुणाच्या लक्षात राहत नाही. मदरशाच्या आपा, म्हणजे शिक्षिका, त्यांच्या सबकात (धड्यांत), तुम्ही घरच्या रगाड्यात. म्हणून ती चौदा वर्षांची कधी होतेय ते आत्ताच लिहून ठेवा. त्या सुमारास दोनपैकी एक व्हायलाच हवं. मन रमलं नसेल तर चौदा पूर्ण व्हायच्या आत परत शाळेत, किंवा रमली असेल तर चौदा झाल्यावर मुक्त विद्यालयातून दहावीचा अर्ज.

ती दुसरी वाट जरा खोलात सांगते, कारण माझं रोजचं काम तेच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, आपण तिला एनआयओएस म्हणतो, दहावीला किमान वय १४ आणि बारावीला १५ लागतं. आठवीचा कागद नसेल तर दहावीचा अभ्यास झेपेल असं स्वयंघोषणापत्र चालतं. विषय पाच. एकदा नोंदणी केली की पाच वर्षं आणि नऊ संधी, एकेक-दोनदोन विषय करून सुटता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते. उर्दू माध्यमातून देता येते, मराठीतूनही. मदरशाच्या वेळापत्रकात बसण्यासारखं याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

पण विषय निवडतानाच पुढची वाट ठरते, आणि तिथं कुणी लक्ष देत नाही. पाच विषयांत भाषा जास्तीत जास्त दोन. मदरशातली मुलगी साहजिकच उर्दू आणि अरबी भरते, कारण ते तिला येतं, मार्कही चांगले पडतात. मग उरलेल्या तिनांत गृहविज्ञान, सामाजिक शास्त्र आणि असंच काहीतरी सोपं. इंग्रजी नाही, गणित नाही, विज्ञान नाही, कारण तिथं ते सक्तीचं नाही. मुलगी पास होते, पेढे वाटतात, आणि दोन वर्षांनी तिला नर्सिंगला जावंसं वाटतं तेव्हा कळतं की पायाच नाही. माझा आग्रह असा: उर्दू किंवा मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र. अरबी हवीच असेल तर जादा विषय म्हणून घ्या. गणिताला तिसऱ्या खेपेला सुटली तरी चालेल, घाई कसली आहे? नऊ संधी त्यासाठीच आहेत.

राज्य मंडळाची दहावी हवी असेल तर बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. आता या दाखल्याबद्दल जरा कंटाळा येईल इतकं बोलते. मदरशात प्रवेश घेताना दाखला मागतात. आजोबा शाळेत जाऊन तो काढून आणतात आणि मदरशाच्या फायलीला लावून येतात. सहा वर्षांनी नाजिमा, म्हणजे मदरशाची व्यवस्थापिका, बदललेली असते, ऑफिस दुसऱ्या खोलीत गेलेलं असतं आणि ती फाइल सापडत नाही. तेव्हा मूळ दाखला घरी, झेरॉक्स मदरशात. दाखला हातात पडायच्या आधीच मुख्याध्यापकांकडे जनरल रजिस्टर बघायला मागा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, सगळं आधारशी ताडून घ्या. जातीचा रकानाही बघा. तुम्ही बागवान, मोमीन, तांबोळी अशा ओबीसी यादीतल्या असाल आणि तिथं नुसतं 'मुस्लिम' लिहिलं असेल, तर पुढे जातपडताळणीला पायपीट अटळ आहे. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत होते. नाव कमी झाल्यावर तेच काम शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसपर्यंत जातं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: सनद ही दहावी नव्हे, चौदावं वर्ष विसरू नका, विषय विचार करून भरा, दाखला घरी ठेवा. आता ज्यावर खरं बोलायला हवं त्याकडे येते, म्हणजे ती मुलगी तिथं जगते कशी.

फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या, आधी उठणं. तिलावत म्हणजे कुराणपठण, नाश्ता, मग जुहरपर्यंत (दुपारच्या नमाजपर्यंत) तास. जेवून थोडी झोप, पुन्हा तास, असर ते मगरिब (सूर्यास्ताची नमाज) मोकळीक. मगरिबनंतर मुताला, म्हणजे स्वतःचं वाचन, आणि तकरार, म्हणजे वर्गातली एक मुलगी दिवसाचा धडा बाकीच्यांना पुन्हा शिकवते आणि बाकीच्या तिला अडवतात, प्रश्न विचारतात. बी.एड.ला मला गटअध्ययनावर व्याख्यानं ऐकवली गेली, पण हे मी बाराव्या वर्षापासून केलेलं होतं. जुमेरातला (गुरुवारी) संध्याकाळी अंजुमन, म्हणजे मुलींची सभा, असते. प्रत्येकीला उभं राहून बोलावं लागतं, नात (पैगंबरांच्या स्तुतीचं गीत), तकरीर (भाषण) काहीही. पहिल्यांदा पाय लटपटतात. दोन वर्षांत तीच मुलगी दीडशे मुलींसमोर कागदाशिवाय वीस मिनिटं बोलते. माझ्या हायस्कूलच्या नववीत असं बोलणाऱ्या मुली मला शोधाव्या लागतात.

पहिल्या वर्षी अरबीचं व्याकरण सुरू होतं तेव्हा एका क्रियापदाची चौदा रूपं पाठ करावी लागतात. तो, ते दोघं, ते सगळे, ती, त्या दोघी, असं करत 'मी' आणि 'आम्ही'पर्यंत. मुली डोलत डोलत म्हणतात, बाहेरून ऐकणाऱ्याला ती नुसती घोकंपट्टी वाटते. पण महिन्याभरानं एखादं अनोळखी क्रियापद दिलं की त्याचीही चौदा रूपं त्या स्वतः पाडतात. नियम कळल्याशिवाय हे होत नाही. म्हणून 'मदरशातल्या मुलींना गणित झेपत नाही' हे वाक्य मला चालत नाही. झेपतं. शिकवलेलं नसतं, एवढंच.

तुमची मुलगी गणिताला घाबरते म्हणालात म्हणून सांगते. अपूर्णांक मी मदरशात मिरासपासून, म्हणजे वारसाहक्काच्या वाटणीपासून, शिकवते. माणूस वारला, मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. मुलंबाळं आहेत म्हणून बायकोचा हिस्सा एक अष्टमांश. उरले सात अष्टमांश, ते मुलगा-मुलगीत दोनास एक. आता मालमत्तेचे किती भाग करायचे म्हणजे कुणाचाच हिस्सा तुटणार नाही? मुली आठ म्हणतात, मग सातला तीननं भाग जात नाही हे दिसतं, मग कुणीतरी चोवीस म्हणते. बायकोला तीन, मुलाला चौदा, मुलीला सात. बेरीज चोवीस. लसावि शिकवून झाला, आणि वर्गाला हेही कळलं की त्या मुलीचे सात भाग भावाची मेहेरबानी नाहीत, ठरवून दिलेला हिस्सा आहे. हा तास झाला की दर वर्षी एखादी तरी मुलगी मागे थांबते आणि विचारते, मग माझ्या अम्मीला नाना-नानीकडून का नाही मिळालं?

मदरशाचा हा फायदा बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. निकाहला मुलीची रजामंदी (संमती) लागते, महर (नवऱ्यानं द्यायची रक्कम) तिचा असतो, खुला (बायकोनं मागितलेला तलाक) मागता येतो, हे सगळं ती बापाच्या आणि आजोबांच्या भाषेत, किताबाचा हवाला देऊन सांगू शकते. माझ्यासारखी शाळामास्तरीण हेच सांगायला गेली तर 'नवे विचार' म्हणून उडवून लावतात. आणखी एक: हैज (पाळी), गुस्ल (शुद्धीची आंघोळ), पाकी-नापाकी हे फिकहच्या, म्हणजे धर्मनियमांच्या, तासाला आपा स्पष्ट शब्दांत शिकवतात. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा कितीदा 'घरी वाचून या' म्हणून पुढे ढकलला जातो, तुम्हीही पाहिलं असेल.

तोटेही तितकेच खरे. इंग्रजी आणि गणित बुडतं हे सगळे सांगतात. मराठी बुडतं हे कुणी सांगत नाही. तुमची मुलगी आज मराठी शाळेत आहे, तिचं वाचन-लेखन मराठीत आहे. मदरशात सगळं उर्दूत. पहिले सहा महिने ती मागे पडेल, मग उर्दू पक्की होईल आणि मराठी हळूहळू जाईल. सहा वर्षांनी तहसील कचेरीतला अर्ज तिला वाचता येणार नाही, जो आज सहावीत वाचता येतो. सुट्टीत घरी आली की तिच्या हातात मराठी पेपर, मराठी पुस्तकं पडत राहू देत. मदरशात ठेवायला हरकत नसेल तर दोन तिथंही पाठवा.

तुम्ही कोकणातल्या असाल तर मदरशाचा मसलक (पंथ) आणि मजहब (धर्मनियमांची शाखा, जसं शाफई किंवा हनफी) दोन्ही विचारून घ्या. घरी शाफई पद्धतीची नमाज आणि मदरशात हनफी फिकह, असं झालं की पोरगी पहिल्याच सुट्टीत दादीची नमाज दुरुस्त करायला बसते. फातिहा-नियाजवरूनही (दुआ करून अन्न वाटण्याची रीत) तसंच. दादीला ते हसण्यावारी नेता येत असेल तर ठीक, नाहीतर घरात धुसफूस सुरू होते आणि मधे मुलगी सापडते.

मदरसा बघायला जाल तेव्हा नुसतं ऑफिसात बसून चहा पिऊन येऊ नका. 'आम्ही दुनियावी तालीम (शाळेचे विषय) पण देतो' हे आता सगळेच म्हणतात. विचारा, गेल्या दोन-तीन वर्षांत इथल्या कुठल्या मुली दहावी झाल्या, त्यांच्या मार्कशीट दाखवता का? गणित-इंग्रजी कोण शिकवतं, ती डी.एड. किंवा बी.एड. आहे का, आणि आज ती आली आहे का? राज्य सरकारची डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आहे. तिच्यातून अशा शिक्षकांना मानधन मिळतं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते वाढवायचं ठरलं, डी.एड. शिक्षकांचं ६ हजारांवरून १६ हजार, बी.एड.वाल्यांचं ८ वरून १८ हजार. सरकारचा हात नको म्हणून बरेच मदरसे ती घेत नाहीत. तो त्यांचा निर्णय, पण मग त्या शिक्षिकेचा पगार कुठून देता हे विचारण्यात काही गैर नाही.

मुलींच्या खोल्या, संडास-न्हाणीघरं आईनं स्वतः बघावीत. रात्री मुली आजारी पडल्या तर कुणाला बोलावतात, पाळी आलेल्या मुलीला कपडे-पॅड कुठून मिळतात, फोनवर बोलताना आपा शेजारी उभी असते का. न सांगता भेटायला आलो तर चालेल का, हे विचारा आणि उत्तर देताना त्यांचा चेहरा बघा. मारतात का हेही विचारा. शिक्षण हक्क कायदा तिथं लागू नसला तरी बाल न्याय कायद्याचं ७५ वं कलम लागू आहे, ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणा हा गुन्हाच आहे. मुलीला १०९८ हा नंबर पाठ करून द्या. शाळेत घातलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

आणि परवडत असेल तर फी भरा. जकात (धार्मिक दान) आणि मदतीवर चालणाऱ्या मदरशात गरीब मुली शिकतात, ते त्यांच्याचसाठी आहे. पण एक गोष्ट मी कायम पाहते: फी भरणारी आई ऑफिसात जाऊन विचारते, माझ्या मुलीचा इंग्रजीचा तास का झाला नाही? फुकट शिकणाऱ्या मुलीची आई दारातच उभी राहते. तिलाही विचारायचा तेवढाच हक्क आहे, पण तिला तो वाटत नाही आणि तसं वाटू देणारे लोकही असतात.

आता परिस्थितीवर अवलंबून काय आहे ते. माझी पहिली पसंती विचाराल तर दहावी आधी, आलिमियत नंतर. दहावी झालेल्या मुलींसाठी काही ठिकाणी कमी वर्षांचे कोर्स आहेत, मुलगी मोठी असते, स्वतःच्या मर्जीनं जाते आणि भराभर शिकते. तोवर घरी राहून मकतब चालू ठेवायचं. पण हे कुणाला जमतं? ज्यांच्या गावात किंवा जवळ हायस्कूल आहे त्यांना. माझ्या पाहण्यात मुली मदरशात जातात त्याचं मोठं कारण एसटी आहे. गावातली शाळा चौथीला किंवा सातवी-आठवीला संपते, पुढचं हायस्कूल लांब, गाडीची वेळ अडनिडी. मदरसा मात्र चार भिंतींच्या आत राहायची-जेवायची सोय करतो. तुमच्याकडे असंच असेल तर आधी त्याच्यावर इलाज बघा. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, काही तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या बसही मुलींसाठीच आहेत. एवढं करूनही जमत नसेल, आणि दुसरा पर्याय मुलीनं आठवीनंतर घरी बसणं आणि सोळाव्या वर्षी स्थळं बघणं हाच असेल, तर मी डोळे झाकून मदरसा म्हणेन. घरी बसण्यापेक्षा तो हजार पटीनं बरा.

सासऱ्यांशी बोलताना हदीसनं वाद जिंकायला जाऊ नका. इल्म (ज्ञान) मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज (बंधनकारक) आहे ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, त्यांना तुमच्याआधीपासून पाठ आहे. त्यांना हिशेब विचारा. 'अब्बा, सहा वर्षांनी ही आलिमा झाली, तर हिनं कुठं शिकवावं असं तुम्हाला वाटतं?' बहुतेक आजोबा म्हणतात, आपल्याच गावात मुलींना शिकवेल. मग सांगा की शाळेत उर्दू शिकवायची झाली तर डी.एड. लागेल, त्याला बारावी, बारावीला दहावी. त्यांचंच स्वप्न पुढं न्यायला दहावी लागते हे त्यांना त्यांच्याच तोंडून कळू द्या. मी असे बरेच म्हातारे बघितलेत जे 'शाळा नको' म्हणून बसले होते आणि पुढे नातीला परीक्षेच्या सेंटरवर स्वतः घेऊन आले. नवऱ्याला मात्र बाजूला बसू देऊ नका. बाप 'अब्बा म्हणतात तसं' म्हणून सुटला की सगळं ओझं तुमच्यावर येतं.

राहिली मुलगी. ती 'जाते' म्हणतेय, पण अकरा वर्षांच्या मुलीच्या 'जाते'त काय काय असतं? चुलत बहीण तिथं आहे. दादा, म्हणजे आजोबा, खूश होतील. गणिताच्या बाईंपासून सुटका होईल. किंवा खरंच तिला अरबी शिकायचंय, अशाही मुली असतात आणि त्या ओळखू येतात, मकतबमध्ये कायदा (अरबी वाचनाचं पहिलं पुस्तक) झाल्यावर स्वतःहून पुढचं मागत असतात. 'तुला जायचंय का' असं विचारू नका, ती हो म्हणेल. दादा-दादी समोर नसताना विचारा, तिथं गेलीस तर इथलं काय चुकेल असं वाटतं? तिथं आवडलं नाही तर मला कसं सांगशील? दुसऱ्या प्रश्नावर ती गप्प झाली तर आधी ते सोडवा. आमच्या भागातली एक आई मुलीशी ठरवून ठेवते: फोनवर 'मांजर कशी आहे' असं विचारलंस तर मी आठवड्याच्या आत येईन. घरात मांजर नाही. ही युक्ती मी आता सगळ्यांना सांगते. आणि वर्षभरानं परत यायचं असेल तर कुणी 'पळून आली' म्हणणार नाही, हे सासऱ्यांच्या तोंडून तिला ऐकवा, तुमच्या नव्हे.

शेवटी तारखांचं. मदरशाचं वर्ष शव्वाल महिन्यात, रमजान ईदनंतर सुरू होतं आणि शाबानमध्ये, रमजानच्या आधीच्या महिन्यात, संपतं. ईद २०२४ ला ११ एप्रिलला होती, २०२५ ला ३१ मार्चला, आणि दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतेय. म्हणजे मदरशाचे प्रवेश शाळेच्या वार्षिक परीक्षेच्या ऐन तोंडावर किंवा त्याआधीच येतात. 'जागा भरतील' म्हणून घाई करून सहावीची परीक्षा बुडवू नका. मदरशाला सांगा की परीक्षा देऊन येईल, चांगला मदरसा थांबतो. सहावीचं निकालपत्रक हातात असू द्या, चौदाच्या आत परत यायची वेळ आलीच तर तोच कागद पुढे करावा लागेल.

हायस्कूल तुमच्या गावापासून किती लांब आहे आणि तो मदरसा मुलींना मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसू देतो का, एवढं कळवा. बसू देत असेल तर जवळचं अभ्यासकेंद्र कसं शोधायचं आणि अर्ज कधी भरायचा ते पुढं सांगते.